पार्टी चांगली आहे

आमच्या धंद्याला मान नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा व्याह्यांनी विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "इस्टेट एजंट आहे, भाईंदरला." त्यांनी मान डोलावली आणि शेजारी बसलेल्या बायकोला हळूच सांगितलं, "दलाल आहेत." दोघांचंही बरोबर होतं.

मी मूळचा भाईंदरजवळच्या राई गावचा. वडिलांची खाडीकाठी खारी शेती होती. ती गेली, तिच्यावर इमारती आल्या आणि तसल्याच इमारतींत माणसं भरायचं काम माझ्या वाट्याला आलं. गोडदेवला किराणा दुकानाच्या बाजूला एक टेबल, तीन खुर्च्या आणि खिळ्यांना लटकवलेल्या चाव्या, एवढं माझं ऑफिस. आता ते मुलगा बघतो. त्याचं सगळं मोबाईलवर चालतं, भिंतीला एकही खिळा उरलेला नाही.

लोकांना वाटतं, दलाल घरं दाखवतो. घर काय, कोणीही दाखवेल. आमचं खरं काम माणसं हलवण्याचं. एखादा भाडेकरू एका जागी रुजला की आमच्या लेखी तो संपला, कारण दलाली नवीन माणूस आला तरच मिळते. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा करायची पद्धत आहे. त्याहून जास्त राहू दिलं तर भाडेकरू हक्क सांगत बसेल, ही मालकांची जुनी धास्ती. ती धास्ती ताजी ठेवायचं काम आम्ही मनापासून करायचो. दहावा महिना लागला की मी मालकाला फोन करायचो, "साहेब, ह्याला बदलू या. फार दिवस एक माणूस बरा नाही." आणि भाडेकरूने भिंतीची ओल दाखवली, खिडकी लागत नाही म्हणून कुरकुर केली, तर त्याच्यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "अहो, अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे." हिंदीवाल्याला हिंदीतून, गुजराती माणसाला मोडक्यातोडक्या गुजरातीतून.

गिऱ्हाइकाला आम्ही 'पार्टी' म्हणतो. 'चांगली पार्टी' म्हणजे काय, ते आधी सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं त्या शब्दावरच घसरलं. भाडं वेळेवर देणारा, मालकाला फोन करून त्रास न देणारा आणि मुदत संपली की मुकाट्याने जागा सोडणारा तो आमच्या भाषेत चांगली पार्टी. तो शेजाऱ्यांशी कसा वागतो, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

पार्ट्याही एकेक नमुनेदार असायच्या. एक गृहस्थ खिशातून गोटी काढून हॉलमध्ये सोडायचे. गोटी घरंगळली की म्हणायचे, "लादी उतरती आहे, नको." त्यांना मी सात जागा दाखवल्या, शेवटी गोटी लपवून ठेवावीशी वाटायला लागली. एक बाई रिकाम्या खोलीत अर्धा तास नुसत्या बसून राहायच्या. मी विचारलं, "काय बघताय?" त्या म्हणाल्या, "बघत नाही, ऐकतेय. शेजारी कसे आहेत ते कळतं." मी तेव्हा हसलो होतो. त्या बाई शहाण्या होत्या.

आता सागरप्रभाविषयी. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं असतील. गोडदेवातली ही चार मजली इमारत, तळाला दुकानं, वर मजल्यावर चार घरं, लिफ्ट नाही, वॉचमन नाही. पाणी पालिकेचं, सकाळी थोडा वेळ यायचं आणि खालच्या टाकीत पडायचं. तिथून पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. पंप कोणी लावायचा, ह्यावरून भाईंदरमध्ये डोकी फुटल्याचं मी पाहिलंय. सागरप्रभात मात्र भांडण नव्हतं. ती व्यवस्था सुर्वेकाकूंनी लावून दिली होती.

काकू चौथ्या मजल्यावर राहायच्या. राजापूरकडच्या. सुर्वेकाकांना अर्धांगवायू झाल्यापासून ते पलंगावरच होते. त्यांचं सगळं अंथरुणात, त्यामुळे दिवसातून तीनदा चादरी धुवायच्या. घरात पाणी नसेल तर त्या माणसाला तसंच पडून राहावं लागेल, ही काकूंची रोजची भीती. म्हणून त्यांनी पंपाच्या खोलीची चावी नारळाच्या करवंटीला बांधली, हरवू नये म्हणून, आणि पाळी ठरवली. ज्याच्या दाराच्या कडीला करवंटी, त्याने सकाळी साडेपाचला खाली उतरायचं, पंप लावायचा, गच्चीवरची टाकी भरल्यावर बंद करायचा आणि करवंटी पुढच्या दाराला अडकवायची. सोळा घरं, सोळा दिवस. कुठे लिहिलेलं नाही, सही नाही. काकू स्वतःच्या पाळीला गुडघे धरत चार मजले उतरायच्या.

मी नवी पार्टी आणली की काकू जिन्यात गाठायच्या. "भोईरभाऊ, पार्टी कशी आहे हो?" हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता. मी म्हणायचो, "पार्टी चांगली आहे, काकू." मग त्या निर्धास्त होऊन नव्या माणसाला करवंटी समजावून सांगायला जायच्या.

अशीच एक पार्टी म्हणजे पाध्येसर. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने आले. कॉलेजात गणित शिकवायचे आणि पीएच.डी. करायचे. बायको शाळेत शिक्षिका. आल्या आल्या पाध्येबाईंनी स्वयंपाकघरातली ओल दाखवली. मी माझं वाक्य म्हटलं. त्यावर सर हसून म्हणाले, "भोईर, हे तुमचं वाक्य माझ्या अभ्यासाच्या फार कामाचं आहे."

काही महिन्यांनी कराराच्या झेरॉक्स द्यायला गेलो तर सर जमिनीवर बसलेले. पुढ्यात पुठ्ठ्यावर आखलेले सोळा चौकोन, त्यात कॅरमच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या.

"ही तुमची सागरप्रभा," ते म्हणाले. "पांढरी सोंगटी पाळी करते. काळी करत नाही, पण पाणी वापरते."

"मग काळीच बरी की."

"तिला तसंच वाटतं. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो आणि ज्याचं बरं चाललंय त्याच्यासारखं वागतो, एवढाच नियम. आता बघा, काळी सोंगटी पांढऱ्यांच्या शेजारी आली की तिची मजा. सगळ्या काळ्या झाल्या की टाकी कोरडी, सगळेच बोंबलत बसणार. पण पांढऱ्या एकमेकींना चिकटून राहिल्या तर टिकतात."

ह्या विषयाला म्हणे 'इव्होल्यूशनरी गेम थिअरी' म्हणतात, उत्क्रांतीचं आणि खेळाचं गणित. मी म्हटलं, "उत्क्रांती म्हणजे माकडाचा माणूस होतो तीच ना?" सर म्हणाले, "इथे उलटही होतं."

मग त्यांनी त्यांचा खरा प्रश्न सांगितला. सोंगट्या जागच्या हलायला लागल्या तर काय होतं?

मला एकदम वडील आठवले. आमच्या राईला उधाणाच्या भरतीला खाडीच्या बांधाला खांड पडायची आणि खारं पाणी शेतात घुसायचं. मग प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन बांधावर. जो यायचा नाही, त्याच्याविषयी वडील म्हणायचे, "त्यो बांदाव आला न्हाय. त्याचे घरचा पानी पन पिऊ नको." ते मी सरांना सांगितलं आणि म्हटलं, "म्हणजे जागचं हलूच नये. आमच्यासारखं पिढ्यान् पिढ्या एका ठिकाणी राहावं."

"आणि ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशेजारी जन्म काढावा?" सर म्हणाले. हेही खरं होतं. आमच्या चुलत घराशी बांधावरूनच तीन पिढ्या बोलणं नव्हतं. "हलायची मोकळीक हवी, भोईर. वाईट शेजार सोडून जाता आलं तर पांढऱ्या सोंगट्या हळूहळू एकत्र येतात, हे चांगलंच. पण आपल्या मर्जीने गेल्या तर." मग त्यांनी पुठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि सुपात धान्य पाखडावं तसा हलवला. सोंगट्या कुठच्या कुठे गेल्या. "आणि असं कोणी हलवत राहिलं तर काळ्यांचं फावतं. ओळख पटायच्या आत पुढच्या घरात. तिथे पुन्हा नवे शेजारी, पुन्हा कोरी पाटी. नियम बदलले की उत्तरं बदलतात, मी काही भविष्य सांगत नाही. पण साधारण असं दिसतंय."

"हलवणारा कोण?" मी विचारलं.

सर माझ्याकडे बघून हसले. पाध्येबाईंनी चहा आणला आणि विषय बदलला. मी चहा पिऊन निघालो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

त्या रागात मी पुढचं केलं असं म्हणायचं, तर तेही खरं नाही. नेहमीच्या सवयीने केलं. सरांचा दहावा महिना लागला आणि मी मालकाला फोन केला, "साहेब, मास्तर माणूस आहे, पुस्तकं पसरून बसलाय, हलायचं नाव घेणार नाही. बदलू या." मालक दहिसरला राहायचे, इमारतीत पाऊल टाकत नसत. ते हो म्हणाले. पाध्येबाई आपली पाळी करायच्याच, शिवाय काकूंच्या पाळीला काकूंना खाली उतरू देत नसत, हे मला माहीत होतं. काकू मला जिन्यात म्हणाल्या, "राहू द्या ना त्यांना, भोईरभाऊ. तुमच्या शब्दाला मालक मान देतात." मी म्हटलं, "माझ्या हातात काय आहे, काकू?"

सरांच्या जागी मी दळवींना आणलं. दळवी माझे जुने गिऱ्हाईक. औषध कंपनीत फिरतीची नोकरी, इस्त्रीचे कपडे, बोलणं मधाळ. गणपतीला सगळ्यांना मोदक वाटतील, कोणाच्या पोराला पास झाल्याबद्दल पेन देतील. त्याआधी मी त्यांना दोन इमारतींत ठेवलं होतं. दोन्हीकडे मालक खूश. पण नवघर रोडच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला रस्त्यात सांगितलं होतं, "तुमचा माणूस पंपाला एक दिवस उतरला नाही हो. विचारलं की गोड हसतो." ते मी ऐकून सोडून दिलं होतं. नवघर रोडच्या पंपाशी मला काय करायचंय?

काकूंनी जिन्यात गाठलं. "पार्टी कशी आहे?"

"पार्टी चांगली आहे, काकू."

दळवींनी करवंटी कधी नाकारली नाही. काकूंनी समजावलं तेव्हा म्हणाले, "वा, किती छान पद्धत आहे!" फक्त त्यांच्या पाळीच्या दिवशी पंप लागायचा नाही आणि करवंटी मात्र पुढच्या दाराला टांगलेली दिसायची. पहिल्यांदा लोकांना वाटलं, विसरले. त्यांच्या शेजारच्या घरातला भाडेकरूही नवाच होता, मीच आणलेला. त्याने दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा त्यानेही करवंटी पुढे सरकवली. मग खालच्या मजल्यावर तसंच. कधी एकाच सकाळी करवंटी तीन दारं फिरून यायची आणि पंप बंदच. जुनी चार-पाच घरं होती, ती चिडली. त्यातल्या दोघांनी जागा विकून मीरा रोडला नवीन घरं घेतली. चांगली माणसं होती, गेली. त्या दोन्ही जागा भाड्यावर गेल्या. भाडेकरू मीच दिले.

दळवी वाईट माणूस नव्हता, असं मला अजूनही वाटतं. खाली न उतरता पाणी येतं, एवढं त्याला लवकर कळलं होतं. आणि येईनासं होईल तोवर आपण इथे नसू, हेही कळलं होतं. ते त्याला माझ्यामुळे कळलं होतं.

शेवटी करवंटी काकूंच्याच कडीला राहायला लागली. कारण पुढे टांगून उपयोग नव्हता. रोज साडेपाचला त्याच उतरायच्या. कधी गुडघ्यांनी साथ दिली नाही की गच्चीवरची टाकी कोरडी. दुपारपर्यंत लोक खालची टाकी बादल्यांनी उपसून न्यायचे, पंप ओढेल एवढं पाणी उरायचं नाही. मग दुपारी कळशी घेऊन खालच्या टाकीतून पाणी न्यायच्या, चार मजले, दर जिन्याला थांबून. मी एकदा बघितलं. कळशी घ्यायला पुढे झालो तर म्हणाल्या, "असू दे, तुमची पार्टी वाट बघत असेल." टोमणा नव्हता. माझ्याबरोबर खरंच एक पार्टी उभी होती, जागा बघायला आलेली.

एप्रिलमध्ये एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. सागरप्रभातल्या दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू होती, महिन्याभरापूर्वी आलेली. "भोईर अंकल, जल्दी आइए. सीढ़ी पे कोई आंटी गिरी पड़ी हैं. कौन हैं, मालूम नहीं. मेरे पास बिल्डिंग में किसी का नंबर नहीं है, सिर्फ आपका है."

मी धावत गेलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर काकू पडल्या होत्या. साडी भिजलेली, कळशी खाली घरंगळत गेलेली. वर जाणाऱ्या एका कुरियरवाल्याला त्या दिसल्या, त्याने त्या भाडेकरू बाईचं दार वाजवून सांगितलं. तोपर्यंत बराच वेळ गेला होता. मी वाकलो तर काकू म्हणाल्या, "आधी वर जा. ते हाका मारतायत."

वर सुर्वेकाका पलंगावरून अर्धे खाली लोंबकळत होते. ओरडून ओरडून आवाज बसला होता. कळशी पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता आणि तेव्हापासून ते हाका मारत होते. खाली आल्यावर त्या भाडेकरू बाईला मी विचारलं, "आवाज नहीं आया?" ती रडायलाच लागली. "आया था अंकल. मुझे लगा किसी का टीवी चल रहा है. ऊपर कौन रहता है, मुझे पता ही नहीं था." तिला काय बोलणार? तिला इथे आणून सोडताना वर कोण राहतं, हे मी तरी कुठे सांगितलं होतं?

काकूंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चार मजले चढणं कायमचं संपलं. मुलगी पनवेलला होती, ती दोघांना घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी दळवी माझ्याकडे आले. "भोईरशेठ, हल्ली इथे लोक विचित्र बघतात माझ्याकडे. दुसरी जागा बघा ना." मी वरसावेच्या बाजूला एक जागा बघितली. तिथल्या सोसायटीचे एक म्हातारे गृहस्थ, पाण्याचं तेच बघायचे, मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्याकडे टँकर आला की सगळ्यांनी पाइप धरायला लागतं. हे उतरतील ना?"

मला काकूंचा भिजलेला पदर आठवत होता. पाध्येसरांचा पुठ्ठा आठवत होता. सगळं सांगायचं म्हणून तोंड उघडलं.

"पार्टी चांगली आहे," मी म्हणालो.

का म्हणालो, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भीती नव्हती, लोभही फारसा नव्हता. वर्षानुवर्षं तेच वाक्य म्हणणाऱ्या तोंडातून तेच बाहेर आलं. त्याची मला आजही लाज वाटते. बायकोलाही हे मी कधी सांगितलं नव्हतं. आता ती छापलेलंच वाचेल.

पावसाळ्याआधी काकूंनी मला पनवेलला बोलावलं. जागा भाड्याने द्यायची होती. त्या खुर्चीत बसलेल्या, काका शेजारी पलंगावर. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्या हातात दिला, त्यात करवंटीही होती.

"कोणाला देताय ते बघून द्या," काकू म्हणाल्या. "तुमची चांगली पार्टी नको मला, भोईरभाऊ. पंपाला उतरेल असं माणूस द्या. दुसऱ्या मजल्यावरच्या, तुम्हाला फोन करणाऱ्या त्या मुलीला लहान बाळ आहे ना, तिला पाणी लागतं."

घर सुटलं, चालणं सुटलं, तरी बाईंना सागरप्रभाच्या टाकीची काळजी होती. मी मान खाली घातली.

ऑफिसात येऊन मी डायरी काढली. शेकड्यांनी नावं होती. कोण भाडं वेळेवर देतो, कोण जागा लवकर सोडतो, सगळं लिहिलेलं. पंपाला कोण उतरतो, हे एकाच्याही पुढे लिहिलेलं नव्हतं. मला खात्रीचं एकच नाव आठवलं. मी पाध्येसरांना फोन केला. ते आमच्या राईलाच एका लहान इमारतीत राहायला गेले होते. स्वतः शोधून, दलालाशिवाय.

मी सगळं सांगितलं. सरांनी आधी काकूंची तब्येत विचारली. मग म्हणाले, "काकूंना भेटायला नक्की जाऊ आम्ही. पण परत येणं जमणार नाही, भोईर. इथे आठ घरं आहेत, सगळी पाळी करतात. एकेक जण कुठून कुठून कंटाळून इथे येऊन जमलाय. बायको आता हलायला तयार नाही."

"एक वर्षासाठी या, सर."

"आलो तरी काय होणार? पंधरा काळ्यांत एक पांढरी. तुम्ही बघितला होता ना पुठ्ठा?"

मी म्हटलं, हो, बघितला होता.

काकूंची जागा मी दोन महिने रिकामी ठेवली. माझ्या धंद्यात हे पहिल्यांदाच झालं. येईल त्याला मी आधी पंपाचं विचारायचो आणि लोक माझ्याकडे खुळा झाल्यासारखे बघायचे. शेवटी पनवेलहून मुलीचा फोन आला, बाबांच्या औषधांसाठी भाड्याची गरज आहे, आता देऊन टाका. मग साताऱ्याकडचा एक तरुण आला, नवराबायको दोघंच, बँकेत नोकरी. सभ्य मुलगा. मी त्याला किल्ल्या दिल्या आणि करवंटी वेगळी काढून हातात ठेवली. खाली नेऊन पंप दाखवला. पाळी समजावली, काकूंचं सांगितलं, जिन्यातलं ते वळणही दाखवलं. इतकं मी आयुष्यात कोणत्या पार्टीशी बोललो नव्हतो.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. करवंटी उलटीसुलटी करून बघितली आणि पंपाच्या खोलीच्या खिडकीत ठेवून दिली.

"आम्ही कुठे त्यात पडणार, काका?" तो अगदी आदराने म्हणाला. "अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे."